वकीलसाहेबांच्या टेबलावर काय होतं?

मागच्या अंकात नेहमीची प्रश्नोत्तरं बाजूला ठेवून मी या सदरात माझ्या सीनिअरांवर थोडा मजकूर लिहिला होता. लातूरला त्यांनी पन्नासहून अधिक वर्षं वकिली केली, नव्वदी ओलांडून ते गेले आणि १९८०च्या दशकात मी त्यांच्याकडे ज्युनिअर म्हणून काम शिकले, एवढंच त्यात होतं. त्यावर भरपूर पत्रं आली. काहींनी त्यांच्याविषयी विचारलंय, काहींनी त्यांच्या निमित्तानं स्वतःची अडचण मांडलीय. दोन्ही इथे एकत्र घेते. त्यांचं नाव छापू नये ही घरच्यांची इच्छा आहे. आम्ही सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणायचो, तेच इथे चालेल.

आमच्या गावचे एक ज्येष्ठ वकील वारले. लोकांच्या फार उपयोगी पडलेला माणूस. वर्षश्राद्धाला स्मरणिका काढायचं ठरलंय. त्यांची पदं, सत्कार, संस्था यांची यादी जमली आहे, पण वाचून माणूस डोळ्यांपुढे येत नाही. काय करावं?
एक निवृत्त शिक्षक, औसा

सर, ती यादी शेवटच्या पानावर टाका. आणि आता अशिलांकडे जा.

वकिलाच्या आठवणी लिहिताना एक वेगळीच अडचण येते. त्यानं केलेलं सगळ्यांत चांगलं काम बहुतेकदा कुणाला ठाऊकच नसतं. अशिलानं विश्वासानं सांगितलेली गोष्ट वकिलानं बाहेर बोलायची नाही, आणि प्रकरण निकाली निघालं तरी हे बंधन सुटत नाही. पूर्वी पुरावा अधिनियमाच्या कलम १२६ मध्ये ते होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. त्यामुळे चांगला वकील घरीसुद्धा काही बोललेला नसतो. मुलांना माहीत नसतं, मित्रांना माहीत नसतं, मग स्मरणिकेत उरतात ती अध्यक्षपदं आणि शालश्रीफळं. पण हे बंधन वकिलाच्या तोंडाला आहे. अशील आपली गोष्ट आपण होऊन केव्हाही सांगू शकतो.

मागचा अंक निघाल्यावर मला निलंगा तालुक्यातून एका बाईंचा फोन आला. "माझं नाव नका टाकू, पण वहीचं लिहा," म्हणाल्या. त्यांनीच परवानगी दिली म्हणून त्या वहीबद्दल आज पहिल्यांदा लिहिते.

नवऱ्यानं टाकलेल्या बायकांना तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मिळायची. (आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालंय.) कमाल मर्यादा महिना ५०० रुपये. मर्यादा पूर्णपणे उठायला २००१ साल उजाडलं. प्रत्यक्षात कोर्टाकडून ५०० सुद्धा क्वचित मिळायचे, आणि हुकूम हातात पडला तरी नवरा दोन-तीन महिने भरून थांबायचा. थकलेली रक्कम वसूल करायला अर्ज द्यावा लागतो. तो रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत दिला नाही, तर तेवढ्या रकमेपुरती या मार्गानं वसुली होत नाही. खुरपायला जाणाऱ्या बाईला ही मुदत कोण सांगणार? दोन-तीन वर्षं वाट बघून ती यायची आणि मागच्या एक-दोन वर्षांचे पैसे कायद्यानंच गेलेले असायचे.

वकीलसाहेबांनी यासाठी एक वही ठेवली होती. लाल कापडी बांधणीची, अडत दुकानात असते तशी. प्रत्येक बाईला एक पान. हुकमाची तारीख, रक्कम, शेवटचा भरणा कधी आला, आणि उजवीकडे मुदत. महिन्यातल्या एका रविवारी मुन्शी आणि मी ती वही घेऊन बसायचो. ज्यांची मुदत जवळ आली त्यांना पोस्टकार्ड टाकायचं. त्या कार्डावर पोटगी, कोर्ट, नवरा यातला एकही शब्द लिहायची मनाई होती, कारण कार्ड पोस्टमन वाचतो, पारावरही वाचलं जातं. मजकूर ठरलेला असायचा. "कागद तयार आहे. बाजारच्या दिवशी येऊन जाणे." फोनवरच्या बाई म्हणाल्या, "ते कार्ड आलं की भाऊ न मागता एसटीचे पैसे द्यायचा. एरवी मागायची लाज वाटायची."

वसुलीचं वॉरंट निघालं तरी हाताला काही लागलं पाहिजे. नवऱ्याची तूर किंवा सोयाबीन गंजगोलाईजवळच्या कुठल्या अडतीवर येतं, पट्टी, म्हणजे मालाचा हिशेब, कधी होते, याची माहिती मुन्शी हमालांकडून काढायचा. नाहीच भरले तर कायद्यात थकलेल्या महिन्यापोटी एक महिन्यापर्यंत कैद आहे, आणि कैद भोगली म्हणून थकबाकी फिटत नाही. हे ते नवऱ्याच्या वकिलाला कोर्टाच्या व्हरांड्यात शांतपणे सांगायचे. बरेच जण तिथेच पैसे काढायचे. वसुलीतून हिस्सा घ्यायला वकिलाला मनाई आहे, त्यांनी तो कधी घेतला नाही. टायपिंग आणि नकलेचा खर्च तेवढा घ्यायचे.

तेव्हा सर, तुमच्या वकिलांच्या अशिलांना गाठा आणि त्यांना थोर गुणांबद्दल विचारू नका. फी किती घेतली, काय करू नका म्हणाले, कोर्टात तुमच्याशी कुठे उभे राहून बोलले, हे विचारा. हरलेल्या प्रकरणांचे अशील जरूर शोधा. हरल्यावरही जो माणूस वकिलाबद्दल चांगलं बोलतो, त्याच्याजवळ सांगण्यासारखं काहीतरी नक्की असतं. जे सांगतील ते त्यांना वाचून दाखवा आणि सही घेऊन मगच छापा.

सनद घेऊन तीन वर्षं झाली. तुमच्या सीनिअरांसारखं काम करावंसं वाटतं, पण महिनाअखेर खोलीचं भाडं निघत नाही. स्पष्ट विचारतो, त्यांचं घर कशावर चालायचं?
एक तरुण वकील, हिंगोली

काकूंच्या पगारावर. सुरुवातीची कित्येक वर्षं तरी नक्कीच. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. किराणा, मुलांच्या फिया, पाहुणा-रावळा सगळं त्यांच्या पगारातून व्हायचं. वकीलसाहेब गेल्यावर झालेल्या शोकसभेत त्यांच्या निःस्वार्थीपणावर भाषणं झाली, काकूंचं नाव कुणीच घेतलं नाही. मला ते सहन झालं नाही म्हणून इथे लिहिते. बाजारच्या दिवशी लांबून आलेल्या बायकांना त्या घरात बोलावून भाकरी खाऊ घालायच्या, तेही शाळेची वेळ सांभाळून. तेव्हा असं काम करणाऱ्या वकिलाच्या घरी दुसरी मिळकत असावी लागते, हे लपवण्यात अर्थ नाही. तुझ्या घरी ती नसेल तर तसं काम आजच जमत नाही म्हणून मनाला लावून घेऊ नकोस.

दुसरं, ते सगळ्यांचं काम फुकट करत नसत. अडत व्यापाऱ्यांचे वसुलीचे दावे, बँकेची कामं, मोठ्या जमीनदारांचे वाटणीचे दावे त्यांच्याकडे होते. तिथे फी पूर्ण, आगाऊ आणि पावतीसह. ज्याला परवडतं त्यानं घासाघीस केली तर वकीलपत्र परत द्यायचे. हीच शिस्त होती म्हणून दुसऱ्या बाजूला हात सैल सोडता यायचा.

तुला एकच कौशल्य सुचवायचं तर महसुली कागद वाचायला शीक. मराठवाड्यातले निम्मेअधिक दिवाणी तंटे मुळात तहसीलच्या दप्तरातून उगवतात. १९५४-५५ चं खासरा पत्रक (कुठली जमीन कुणाकडे, याची तेव्हाची नोंद), फेरफार, जुने पाहणी उतारे, हे ज्याला सरळ वाचता येतं त्याला तालुक्याला काम कमी पडत नाही. धुऱ्याच्या भांडणात माणूस आला की वकीलसाहेब दावा लिहायलाच घेत नसत. आधी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचे पैसे भरून ये म्हणायचे. "कागद काय म्हणलालाय ते आधी ऐक, भाऊ काय म्हणलालाय ते मग बघू." मोजणी झाल्यावर कितीतरी माणसं परत आलीच नाहीत, कारण भांडण तिथेच मिटलं. यात दाव्याची फी बुडते, हे खरं. पण तीच माणसं पुढे खरेदीखत करताना, मुलीच्या सोडचिठ्ठीत, अपघाताच्या दाव्यात त्यांच्याकडेच आली.

आदरणीय ताई, वडील वारले. दोघे भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागत आहेत. नाही म्हटलं तर माहेर तुटेल, हो म्हटलं तर जीव तुटतो. तुमच्या वकीलसाहेबांनी काय सांगितलं असतं?
एक भगिनी, उदगीर

बाई, त्यांनी आधी तुमच्या भावांना बाहेर बसवलं असतं. चहा मागवला असता त्यांच्यासाठी, पण बाहेरच. बहिणीची सही ज्या कागदावर आहे तो कागद बहिणीला एकटीला, पूर्ण, मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय त्यांच्या टेबलावरून हलत नसे. भाऊ म्हणायचे, साहेब, तिला सगळं माहीत आहे. ते म्हणायचे, मग अजून एकदा ऐकू दे.

कायदा असा आहे. आपल्या राज्यानं २२ जून १९९४ पासूनच मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीनं हक्क दिला होता, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं लग्नाची अट उरली नाही. आणि ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा हक्क जन्मानं येतो, २००५ साली वडील हयात असायलाच हवेत असं नाही. त्यापूर्वी, म्हणजे २० डिसेंबर २००४ च्या आधी, रीतसर वाटणी झाली असेल तर ती मोडत नाही, एवढं मात्र तपासून घ्या.

हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावं लागतं. एकदा दुय्यम निबंधकासमोर सही-अंगठा झाला की ते रद्द करून घ्यायला दिवाणी दावा करावा लागतो. फसवणूक झाली किंवा दडपण आणलं हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं, आणि ते कळल्यापासून मुदत तीन वर्षं. पुष्कळ बायकांना वाटतं की तलाठ्याकडे जाऊन नंतर नाव परत लावता येईल. तसं लागत नाही.

सही करायची कुठलीही शेवटची तारीख कायद्यात नाही. तुम्ही नुसत्या थांबलात तरी तुमचा हक्क जात नाही. वारस म्हणून फेरफारात तुमचं नाव लागलं आहे का, तेवढं सातबारावर आजच बघून घ्या.

भावांची अडचणही खरी असू शकते. बहिणींची नावं सामायिक उताऱ्यावर असली की पीककर्जाच्या वेळी सगळ्यांच्या सह्या लागतात, दरवर्षी बहिणीला बोलवायचं कसं, असं ते म्हणतात. याला वकीलसाहेबांकडे उत्तर होतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली सगळ्यांच्या संमतीनं तहसीलदारांकडून वाटप करून घ्यायचं. प्रत्येकाचा सातबारा वेगळा होतो, भावाला त्याच्या हिश्शावर कर्ज घेता येतं, आणि बहिणीची इच्छा असेल तर तिचं शेत भाऊच कसत राहतो. हा मार्ग भावांपुढे ठेवा. तरीही त्यांना सहीच हवी असेल, तर अडचण पीककर्जाची नाही हे तुम्हाला कळेल.

माहेरचं म्हणाल तर मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. काही घरं खरंच दुरावतात. वकीलसाहेबांनी स्वतःच्या वडिलांच्या जमिनीत दोन्ही बहिणींची नावं लावून घेतली होती, तेव्हा त्यांच्या भावकीतले काही लोक बोलायचे बंद झाले होते. बहिणी मात्र शेवटपर्यंत येत राहिल्या.

१९९३ च्या भूकंपानंतर लातूरच्या वकिलांनी काय केलं? कुठे फारसं वाचायला मिळत नाही.
एक वाचक, उमरगा

सगळ्यांनी काय केलं ते मी सांगू शकणार नाही, आमच्या ऑफिसातलं सांगते.

३० सप्टेंबरची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक नुकते झोपलेले. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद, त्यामुळे माणसं झोपेतच गेली. जवळजवळ दहा हजार. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची बावन्न गावं पुढे नव्या जागी वसवावी लागली.

पहिल्या आठवड्यात वकिलाचं काही काम नसतं. तेव्हा आम्ही इतरांसारखंच पाणी आणि कपडे पोचवले. काम सुरू झालं मदतीची रक्कम वाटायला लागली तेव्हा. मृताचा वारस कोण, हे ठरल्याशिवाय पैसा कुणाला देणार? एका घरातली सात माणसं गेली, उरली ती बाळंतपणाला माहेरी गेलेली सून, किंवा पुण्याला कामाला असलेला मुलगा. वकीलसाहेबांनी गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक टेबल टाकलं आणि अर्ज, शपथपत्रं लिहायला बसले. मी आणि मुन्शी सोबत.

तिथे ते प्रत्येकाला घरातल्या माणसांची वयं विचारायचे. लोकांना ते विचित्र वाटायचं. कारण हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २१ मध्ये आहे. एकाच आपत्तीत दोघे गेले आणि आधी कोण गेलं ते सांगता येत नसेल, तर वयानं लहान असलेला मागे राहिला असं कायदा धरून चालतो. बाप आणि अविवाहित मुलगा एका छताखाली गेले, मागे सावत्र आई आणि लग्न झालेली बहीण राहिली. मुलगा बापानंतर गेला असं धरलं की त्याचा हिस्सा सख्ख्या बहिणीकडे येतो. आधी गेला असं धरलं तर आई आणि बहीण निम्मे-निम्मे. म्हणून वय लागायचं. जन्माची नोंद कुठली, शाळेचं दप्तर ढिगाऱ्याखाली. हयात असलेल्या गुरुजींना गाठून, कुणाच्या पाठचा कोण, कुठल्या दुष्काळात कोण जन्मलं, असं विचारत ते वयं लावायचे. १९७२ चा दुष्काळ त्या कामी फार आला, कारण सुकडी आणि मिलो ज्वारी कुणीच विसरलं नव्हतं.

अनाथ लेकरांबाबत ते कठोर होते. चुलता-मामा पालक म्हणून पुढे यायचे, बहुतेक चांगल्या मनानंच. पण अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाच्या आई-बापांशिवाय दुसरा कुणी आपोआप कायदेशीर पालक होत नाही. कोर्टाकडून नेमणूक घ्यावी लागते, आणि मुलाची जमीन कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. पैसा मुलाच्या नावे मुदत ठेवीत गेल्याची पावती बघितल्याशिवाय ते पुढचा अर्ज लिहून देत नसत. त्यावरून त्यांच्याशी भांडायला आलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांनी आवाज चढवला नाही, अर्जही दिला नाही.

पुढे पुनर्वसनात जमिनीच्या प्रमाणात २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं ठरली, तेव्हा वाटणी न झालेल्या एकत्र कुटुंबांचे प्रश्न आले. चार भाऊ, चुली चार, सातबारा एक. ते निस्तरायला बराच काळ गेला. त्या कामांची नोंद कुठल्या अहवालात नाही, तुम्हाला वाचायला मिळत नाही ते त्यामुळेच. तुमच्या उमरग्यातही असे अर्ज लिहून देणारे नक्की असतील. ते हयात असतील तर त्यांच्याकडून लिहून घ्या.

आजोबांच्या पेटीत उर्दूतला एक कागद सापडला. एक जण म्हणतो, यावर जमीन काढून देतो, पैसे दे. खरं असेल का?
एक शेतकरी, कंधार

आधी पैसे देऊ नका. कागद वाचून घ्या.

१९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, कोर्टाची आणि दप्तराची भाषा उर्दू होती. वकीलसाहेब उर्दूतच शाळा शिकले, मोडीही त्यांना यायची, त्यामुळे दूरदूरून लोक असे कागद घेऊन यायचे. ते आधी तारीख बघायचे. आजुर, दै, बहमन असे महिने असतील तर साल 'फसली', म्हणजे निजामाच्या महसुली कालगणनेतलं, आहे. त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन निघतो, १३५८ फसली म्हणजे १९४८-४९. मग कागद कशाचा ते. इनामाचा मुंतखब (म्हणजे इनाम मान्य केल्याचा सरकारी दाखला), शेतसाऱ्याची पावती, गहाणखत की नुसती कोर्टाची नक्कल, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मुंतखब असला तरी पुढे १९५४ च्या हैदराबाद इनाम रद्द कायद्यानं बरीच इनामं सरकारजमा झाली, आणि १९५० च्या कूळ कायद्यानं संरक्षित कुळांना जमिनीची मालकी मिळाली. म्हणजे जुना कागद खरा असूनही आजची मालकी दुसऱ्याची असू शकते. तुमच्या गावाचं १९५४-५५ चं खासरा पत्रक तहसीलमधून नक्कल करून घ्या आणि आजोबांचं नाव मालक, कूळ की कब्जेदार म्हणून आहे ते बघा. त्या गटाचा आजवरचा प्रत्येक फेरफार काढा. हे सगळं मिळून नकलेच्या फीमध्ये होतं.

आणि तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, लॅमिनेशन करू नका. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं कुणबी नोंदींसाठी निजामकाळची दप्तरं धुंडाळली, तेव्हापासून उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची किंमत सगळ्यांना कळली आहे. जमिनीच्या कामाला नाही आला तरी घराण्याचा पुरावा म्हणून तो जपून ठेवा.

माझे वडील वकील होते. ते जाऊन चार महिने झाले. तीन कपाटं भरून फायली आहेत. भाऊ म्हणतो रद्दीला घालू. मला हात लावायलाही भीती वाटते.
एका वकिलांची मुलगी, अंबाजोगाई

रद्दीत अजिबात घालू नका गं. त्या फायलींत लोकांची मूळ खरेदीखतं असतात, लग्नातल्या भांडणांची पत्रं असतात, आणि मघाशी सांगितलं तसं, ते गुपित तुझ्या वडिलांबरोबर संपलेलं नाही.

वकिलाच्या मृत्यूनं त्यांचं वकीलपत्र संपतं. म्हणून चालू प्रकरणं आधी काढ. त्यांच्या डायरीत पुढच्या तारखा असतील. त्या अशिलांना आजच कळव, नाहीतर गैरहजेरीत निकाल होतील. चार महिने झालेत, तेव्हा हे काम उद्यावर टाकू नको. वडिलांच्या एखाद्या विश्वासू ज्युनिअरला किंवा बारमधल्या ज्येष्ठ वकिलाला सोबत घे. फायली वाचत बसायचं नाही, फक्त नाव आणि प्रकरण क्रमांक पाहून यादी करायची. अशील आला की ओळख पटवून, यादीवर सही घेऊन फाईल द्यायची. मूळ दस्तऐवज वेगळे लिहायचे. फी बाकी असली तरी फाईल अडवता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानं २००० साली तसं स्पष्ट सांगितलं आहे. वडील अधिवक्ता कल्याण निधीचे सभासद असतील तर वारसांना रक्कम मिळते, त्याचा अर्ज बार कौन्सिलकडे कर.

आमच्याकडे वकीलसाहेबांची कपाटं रिकामी करताना हेच केलं. फायली न्यायला माणसं आली ती बसून राहिली, बोलत राहिली. कुणी सोबत हरभरा आणला, कुणी लेकीच्या लग्नाची पत्रिका. काकूंना त्या काही आठवड्यांत नवऱ्याबद्दल जेवढं कळलं तेवढं पूर्वी कधी कळलं नव्हतं, असं त्याच म्हणाल्या. तुझ्याकडेही अशी माणसं येतील. एक कोरी वही जवळ ठेव, आणि त्यांची हरकत नसेल तर लिहून घे.

पोटगीच्या वहीचं काय झालं, असं तिघांनी विचारलंय. तिच्यात बायकांची नावं आहेत. ती माझ्याकडे कुलपात आहे आणि कुणालाही दाखवायची नाही असं ठरवलंय.

आता असा वकील आम्हाला कुठे भेटणार?
एक वाचक, पाथरी

तुमच्या तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे, परभणीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, कोठडीत असलेले, भूकंप-पुरासारख्या आपत्तीत सापडलेले, कारखान्यातले कामगार, या सगळ्यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं.

लोकअदालतीबद्दल माझं मत विचाराल तर अपघाताची भरपाई, चेकचे आणि बँकेचे वाद तिथे जरूर मिटवा. कोर्ट फी परत मिळते आणि वाद संपतो. पण त्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून बहिणीचा हिस्सा किंवा पोटगी असेल तर तडजोडीचा कागद घरी नेऊन एकदा वाचून घ्या, मग सही करा. वकीलसाहेब तिथे पॅनेलवर बसायचे तेव्हाही हेच सांगायचे.

जाताना आधार कार्ड, असलेली नोटीस किंवा समन्स आणि सातबारा बरोबर न्या. अर्ज मराठीत, साध्या कागदावर चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, तिथल्या कर्मचाऱ्यानं तो लिहून घ्यायचा असा नियम आहे.